आरतीला उभं राहायचं नसेल तर मोदक खायचा की नाही? (आस्तिक, नास्तिक आणि आदर वगैरे)

अंबडलिंकरोड
आधीच सांगतो, देव आहे की नाही हे ठरवायला हा धागा नाही. ते इथे दर गणपतीत सुरू होतं आणि दर अनंत चतुर्दशीला अर्धवट विसर्जित होतं. मी देव मानत नाही. म्हणजे 'नाहीच' असं छातीठोक नाही सांगत, पण असल्याचं मला काही दिसलेलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही. बायको मार्गशीर्षातले गुरुवार करते, पाच झाडांच्या डहाळ्या आणि फळं आणून द्यायचं काम माझं. घरात बरं चाललंय.

भानगड सोसायटीत आहे. मी वर्गणी देतो, मंडपाची कामं करतो, फक्त आरतीला उभा राहत नाही, तेवढा वेळ मागे खुर्च्या लावत असतो. यंदा ग्रुपवर एकाने टाकलं, "ज्यांना आरतीची लाज वाटते त्यांनी मोदकाला हात लावू नये." खाली अंगठ्यांची रांग. मी लिहिलं, मोदकात माझी पण वर्गणी आहे. झालं, तिथून जे पेटलं ते आता पार्किंगपर्यंत आलंय.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला चालत जातात. त्यांचं माझं रोज वाजतं आणि रोज चहा होतो, ते कधी असं बोलले नाहीत. म्हणून विचारतोय, आदर आदर म्हणतात तो नक्की कसला? हात जोडून उभा राहिलो तर ते ढोंग की शेजारधर्म? आणि उलट बाजूने, माझ्या देवावरच्या विनोदांना त्यांनी हसलंच पाहिजे असं आहे का?

वणीची_लेक
मोदक उरले असतील तर आमच्याकडे पाठवा. आम्ही आरतीला पण उभे राहतो आणि मोदकाला पण.

शंकेखोर
आदर माणसाचा करायचा, मताचा नाही. माझ्यासाठी विषय इथे संपला. उद्या कोणी म्हणालं की त्र्यंबकला कालसर्प शांती केली की मुलाचं लग्न जमतं, तर त्या माणसाला मी पाणी विचारीन, घरी बसवीन, पण हे मत मला आदरणीय वाटत नाही आणि तसं तोंडदेखलं म्हणणं हा त्या माणसाचाच अपमान आहे, कारण म्हणजे मी त्याला लहान मूल समजतोय. आणि हे जे चाललंय ना 'भावना दुखावल्या' म्हणून, त्याची किंमत कोण मोजतं ते आपण पाहिलंय. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. हा माणूस जन्मभर सांगत होता की आमचा विरोध देवाधर्माला नाही, देवाच्या नावावरच्या लुबाडणुकीला आहे. इतकं सौम्य बोलूनही काय झालं? तेव्हा नास्तिकाने किती नम्र असावं हे मला शिकवू नका.

गोदाकाठ_टाइमपास
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. प्रसादाचे नाहीत, विकतचे आहेत.

तपोवनी_मास्तर
शंकेखोर, तुमच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे आणि मी रोज पूजा करणारा माणूस आहे. शाळेत शिकवायचो, आता निवृत्त. एक गोष्ट नास्तिक मंडळींच्या लक्षात येत नाही ती सांगतो. तुम्हाला वाटतं आम्हाला खात्री आहे. अहो कुठली खात्री! सकाळी देवांना आंघोळ घालताना समोर पितळ आहे हे मला दिसत नाही का? कितीतरी दिवस असे जातात की गंध उगाळतो, फूल वाहतो आणि पलीकडे कोणी ऐकतंय असं मुळीच वाटत नाही. तरी दुसऱ्या दिवशी गंध उगाळतो. शंका फक्त तुमच्याच वाट्याला आलीय असं समजू नका. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे. हे सगळं कुठून आलं असं विचारत विचारत ते सूक्त शेवटी म्हणतं, वर जो याचा अध्यक्ष आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही माहीत नसेल. ज्यांनी यज्ञ केले त्यांच्याच संहितेत हे आहे.

शंकेखोर
सर, नासदीय सूक्त दरवेळी येतं या चर्चेत. शंका सूक्तात ठेवायची आणि खात्री दक्षिणेच्या पावतीवर छापायची. नारायण नागबळीची पावती फाडताना कोणी म्हणतं का, "याने फरक पडेल, किंवा पडणारही नाही"?

तपोवनी_मास्तर
हे बरोबर बोललात. पावतीवर तसं छापायला हवं. मी स्वतः कधी केली नाही आणि करणारही नाही.

सातपूरकर
आमचं सोपं आहे. मी देवाला नमस्कार एलआयसीचा हप्ता समजून करतो. असला तर क्लेम मिळेल, नसला तर दोन सेकंद गेले.

कॉलेजरोड_कट्टा
सातपूरकर, तुमची आयडिया सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने मांडून ठेवलीय. त्याचा घोळ असा की कंपन्या अनेक आहेत आणि प्रत्येक कंपनी म्हणते दुसरीकडचा हप्ता भरलात तर आमची पॉलिसी रद्द. आणि वर बसलेल्याला मनातलं कळतं असं धरलं, तर तुम्ही हिशोब करून हात जोडताय हे पण कळणार. मग क्लेम रिजेक्ट.

सातपूरकर
म्हणजे एजंटने फसवलं म्हणायचं. हलके घ्या.

पंचवटी_जुना
अवांतर आहे पण लिहितो. सिंहस्थ जवळ आलाय आणि आमच्याकडे हा वाद प्रत्येक घरात चालू आहे. माझा भाऊ पक्का नास्तिक, त्याला कुंभ म्हणजे फक्त ट्रॅफिक. मी स्नानाला जाणारा. पण २००३ ला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली तेव्हा आम्ही दोघं एकाच बाजूला होतो, कारण प्रश्न देवाचा नव्हता, गर्दी कुठून आत घेता आणि कुठून बाहेर काढता याचा होता. लाखो लोक येणार हे माहीत असताना अरुंद उतारावर रस्ता मोकळा न ठेवणं याच्याइतका भाविकांचा अपमान कुठला नास्तिक करू शकेल? माझ्या मते श्रद्धेचा आदर म्हणजे बॅरिकेड नीट लावणं, बायकांना कपडे बदलायला आडोसा करणं आणि ड्रेनेज नदीत न सोडणं. रामकुंडाच्या पाण्याचा वास आस्तिक नाकालाही येतोच.

गोदाकाठ_टाइमपास
भाऊसाहेब, शेवटच्या वाक्याला टाळ्या. पण आता पार्किंग, रिंगरोड आणि तपोवनातली झाडं काढू नका, धागा सापडायचा नाही.

येवलेकर_८९
सगळं वाचलं. छान चाललंय, पण मला यात कुठे बसायचं ते कळेना. 'आदर' हा आत गेलेल्या लोकांचा विषय आहे. २ मार्च १९३० ला याच नाशकात काळाराम मंदिराच्या दारापुढे सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व आणि रोजची लढाई दादासाहेब गायकवाडांच्या अंगावर. रामनवमीच्या रथाच्या वादात दगड पडले. वर्षानुवर्षं लोक बसले, दार उघडलं नाही. आत बसलेले सगळे आस्तिकच होते ना? आणि बाहेरचे पण त्याच रामाचं दर्शन मागत होते. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढचं १९५६ चं नागपूर सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या घरी बुद्धवंदना होते, मेणबत्ती लावतो, फुलं वाहतो, पण जग निर्माण करणारा देव वगैरे त्यात नाही. आता मी आस्तिक का नास्तिक ते सांगा. लहानपणी आजी पांडवलेण्यांवर, म्हणजे नाशकातल्या बौद्ध लेण्यांवर, घेऊन जायची, पायऱ्या चढून गेलं की थंड दगडाला हात लावून उभी राहायची. ती काही मागत नव्हती. मला वाटतं देवाबद्दल काय मानता हा नंतरचा प्रश्न आहे, आधी सांगा की तुमच्या बाजूला कोणाला उभं राहू देता.

शंकेखोर
+१. नमस्कार.

तपोवनी_मास्तर
येवलेकर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. दार बंद ठेवणाऱ्यांत आमच्याच आळीतली माणसं होती. आमच्या घरात हा विषय निघाला की मोठी माणसं उठून जायची. तुमच्या शेवटच्या वाक्यापुढे माझा पूजेबिजेचा मुद्दा लहान आहे.

भगूर_एक्सप्रेस
याच जिल्ह्यातले सावरकर पण या विषयात येतात. रत्नागिरीला १९३१ मध्ये सगळ्या जातींसाठी पतितपावन मंदिर उभं करण्यात पुढे होते आणि स्वतःच्या मृत्यूनंतर धार्मिक विधी नकोत असं सांगून गेले. म्हणजे देवळाचा आग्रह पण आणि कर्मकांडाला नकार पण.

(यावरचे राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा सुरू झाल्यास धागा वाचनमात्र करण्यात येईल. – संपादक)

वॉर्डातली_सिस्टर
मी नर्स आहे, नाशकात एका हॉस्पिटलला, नाव सांगत नाही. तुमच्या चर्चा आमच्याकडे रोज उशीखाली निघतात. सप्तशृंगीचा अंगारा, दर्ग्यातला धागा, चर्चमधलं छोटं पुस्तक, सगळं. मी स्वतः फारसं मानत नाही. आमचा नियम असा की अंगारा पुडीत बांधून उशीखाली चालेल, जखमेवर नाही, नळीत नाही, तोंडात नाही. हे नीट सांगितलं की नातेवाईक ऐकतात. "काय हा अडाणीपणा" म्हटलं की मग ते आपली पाठ फिरली की गुपचूप जखमेवर लावतात, आणि इन्फेक्शन झालं की निस्तरायचं आम्ही.

आमचे एक भूलतज्ज्ञ आहेत, अख्ख्या स्टाफला माहीत आहे की ते देव मानत नाहीत, दिवाळीच्या पूजेलाही येत नाहीत. मागे एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन होतं. आजींना कुशीवर वळवलेलं, पाठ साफ करून झालेली, आणि आजींचं तोंडातल्या तोंडात स्तोत्र चालू. डॉक्टर हातमोजे घातलेले हात वर धरून गप्प उभे. मी खुणेने विचारलं काय करायचं. ते म्हणाले, "आजी, फलश्रुती राहिली असेल तर तीही म्हणून घ्या, मग सुई टोचतो." आजी म्हणाल्या, झाली. मग स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, दिली. पाठ एकदम सैल सोडलेली होती, घाबरून ताठ झालेल्या पेशंटला पहिल्या फटक्यात सुई बसत नाही हे आमच्यातल्या लोकांना माहीत आहे. बाहेर आल्यावर मी म्हटलं, सर तुम्ही तर मानत नाही. म्हणाले, मी नाही मानत, पण पाठ त्यांची आहे.

पण याच डॉक्टरांना मी संतापाने थरथरताना पण पाहिलंय. सर्पदंशाचा मुलगा, वरच्या पाड्यावरून आणलेला, आधी भगताकडे नेऊन वेळ घालवलेला. तिथे आदरबिदर काही नाही. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र आणि गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मात्र हे पण लिहा की कितीतरी पाड्यांना भगत घराशेजारी असतो आणि लस असलेला दवाखाना लांब.

वणीची_लेक
सिस्टर, काय लिहिलंय. फलश्रुतीवर हसले आणि पुढचं वाचून गप्प झाले.

कॉलेजरोड_कट्टा
'पाठ त्यांची आहे' हे धाग्याचं नाव करा.

इंदिरानगरची_सूनबाई
आता माझं ऐका. सगळे नास्तिक बिचारे आणि समंजस असतात असं चित्र झालंय इथे. माझा नवरा नास्तिक. लग्नाआधी मला फार आवडायचं, मोकळ्या विचारांचा वगैरे. लग्नानंतर मी देव्हारा मांडला तर रोज टोमणा. पाहुण्यांसमोर "आमच्या हिचा देवांशी डायरेक्ट कॉन्टॅक्ट आहे." मी हरतालिकेला उपाशी असले की मुद्दाम समोर बसून मिसळ खाणार, वर शास्त्रीय दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य आहे, घटनेतलं कलम ऐकवणार. आहेच कर्तव्य, ५१ अ मध्ये लिहिलंय, मी पण वाचलंय. पण मग जेवणानंतर स्वतःचं ताट उचलायचा शास्त्रीय दृष्टिकोन कुठे जातो? आणि माझ्या जावेचं नेमकं उलटं, ती मानत नाही आणि तिला सासूबाई पाळीत स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. मला तर दोन्ही घरात एकच गोष्ट दिसते. देव असो नसो, ऐकायचं बाईने.

शंकेखोर
सूनबाई, तो नास्तिक नाही, तो नुसता नवरा आहे.

इंदिरानगरची_सूनबाई
तुमचं बरंय, कोणी वाईट वागलं की तो आमच्यातला नव्हेच. हेच आस्तिक पण म्हणतात, बुवा पकडला गेला की "तो खरा भक्त नव्हताच".

तपोवनी_मास्तर
हा हा! शंकेखोर, आता बोला.

शंकेखोर
मिळाला टोला. मान्य नाही, पण मिळाला.

मिसळ_चुलीवरची
हरतालिकेला समोर बसून मिसळ खाल्ली हा गुन्हा आहेच. कुठली होती तेवढं सांगा.

त्र्यंबकनाका
मला एका गोष्टीवर लिहायचंय जी कोणी काढली नाही. नास्तिक माणूस मेल्यावर त्याच्या मताचा आदर कोण करतं? माझे वडील आयुष्यभर नास्तिक. शांत माणूस, वाद घालायचे नाहीत. देहदानाचा फॉर्म भरला होता, दहावं-तेरावं नको असं वहीत लिहिलं होतं. ते गेले त्या रात्री घरात पन्नास माणसं आणि प्रत्येकाचं एकच, "त्यांचं सोडा, आईचा विचार करा." आई देवाची. ती कोपऱ्यात बसून रडत होती आणि तिला कोणी काही विचारतच नव्हतं, तिच्या नावाने सगळे बोलत होते. शेवटी देहदान झालं नाही, अमरधामला नेलं. दहाव्याला मी रामकुंडावर. पिंड ठेवले, कावळा काही येईना. ऊन चढलं. मागून आवाज सुरू, काही इच्छा राहिलीय का त्यांची, बोला काहीतरी, सोडा शब्द. माझ्या मनात आलं, इच्छा राहिलीय ना, वहीत लिहिलीय. बोललो नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. त्या माणसाचा मला राग नाही, फार हळुवारपणे करत होते सगळं.

नंतर महिनाभराने आई म्हणाली, मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं की त्यांचं त्यांना करू द्या, मी देवघरात माझं करीन.

वॉर्डातली_सिस्टर
🙏

पंचवटी_जुना
त्र्यंबकनाका, आम्ही रोज तिथून जातो, कावळ्यासाठी ताटकळलेली माणसं बघतो. असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

शंकेखोर
मी असतो तर तिथेच ओरडलो असतो. आणि आईंचं ते वाक्य मग मला कधीच ऐकायला मिळालं नसतं, हेही खरं.

कोर्टकचेरी
मूळ प्रश्नाकडे येऊ का? आरतीला उभं राहायचं की नाही. याच्या अगदी जवळची केस आपल्याच शहरातली आहे. एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांबरोबर उभे राहायचे पण हात जोडायचे नाहीत. शाळेने बेशिस्त ठरवून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली. ते हायकोर्टात गेले आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, हात जोडायची सक्ती करता येणार नाही. पुढच्याच वर्षी त्याच कोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये सांगितलं की सरकारी फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करता येत नाही, 'कोणताही धर्म नाही' असं सांगायचा माणसाला हक्क आहे. या दुसऱ्या निकालाचा पाया घटनेचं कलम २५. ज्या कलमाने मास्तरांना पूजा करता येते त्याच कलमाने अंबडलिंकरोड यांना खुर्च्या लावत बसता येतं.

सोसायटी काही सरकार नाही, मोदकावर रिट पिटिशन होणार नाही. पण ते शिक्षक काय करत होते बघा. निघून जात नव्हते, हसत नव्हते. उभे राहत होते. हात तेवढे स्वतःचे ठेवले.

सातपूरकर
आमच्याकडे आरतीला निम्मे लोक हात जोडत नाहीत, कारण हातात मोबाइल असतो. त्यांना कोणी मोदक नाकारत नाही.

अंबडलिंकरोड
बापरे, दोन दिवसांत केवढं झालं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही. काल मीटिंग झाली. ज्यांनी तो मेसेज टाकला होता ते स्वतः बोलले की त्यांना माझं न उभं राहणं खुपत नव्हतं, मागून खुर्च्यांचा खडखडाट यायचा आणि आरती चालू असताना मी मुद्दाम करतोय असं वाटायचं. मी म्हटलं, आरतीनंतर लगेच जेवणाची पंगत असते म्हणून लावतो. आता ठरलंय की खुर्च्या आरतीच्या आधी लागतील. आरतीच्या वेळी मी जिन्यात काकांच्या नातवाला धरून उभा राहणार, तो ढोल वाजला की रडतो. हात जोडणार नाही, ते सगळ्यांसमोर सांगितलं. एक-दोघांचे चेहरे अजून आंबट आहेत, असू देत. आणि विनोदांचं म्हणाल तर काकांना विचारलं, माझे देवावरचे विनोद खटकतात का. म्हणाले, खटकत नाहीत, पण जुने झालेत, नवे आण.

वणीची_लेक
काका १, नास्तिक ०.

शंकेखोर
जिन्यात का उभं राहायचं? मला हे पटलेलं नाही. आरतीवाले जिन्यात जातील का कधी तुमच्यासाठी? नेहमी सरकायचं आपणच.

येवलेकर_८९
शंकेखोरांशी सहमत. बाजूला उभं राहण्याचं कौतुक जरा जपून करा.

अंबडलिंकरोड
मुद्दा बरोबर आहे तुमचा. पोरगं लहान आहे म्हणून जिना. पुढच्या वर्षी बघू.

दिंडोरी_द्राक्ष
मी वाचनमात्र असतो एरवी. त्र्यंबकनाकांचा प्रतिसाद वाचून झोप लागली नाही. मला देहदान करायचंय, बायकोचं सगळं व्रतवैकल्यांचं. नुसता फॉर्म भरून भागत नाही का? काय करावं लागतं?

वॉर्डातली_सिस्टर
फॉर्म मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो, पण वेळ आली की कळवायचं आणि संमती द्यायची घरच्यांनीच. ते नाही म्हणाले तर फॉर्म कपाटात राहतो. म्हणून फॉर्मच्या आधी बायकोशी बोला, मुलांसमोर बोला. काही कारणांनी कॉलेज देह नाकारूही शकतं, पोस्टमॉर्टेम झालेलं असेल किंवा काही संसर्ग असेल तर, तेही घरी सांगून ठेवा. आणि त्यांना अगदीच जड जात असेल तर निदान नेत्रदान. ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं, टीम घरी येते, पंखा बंद ठेवायचा आणि डोळ्यांवर ओला कापूस. त्यानंतर त्यांना जे विधी करायचे ते सगळे करता येतात.

दिंडोरी_द्राक्ष
पंखा का बंद?

वॉर्डातली_सिस्टर
बुबुळ सुकतं. एसी असेल तर चालू ठेवा.